रिठ्याचे अठ्ठ्याण्णव थेंब

बारावीच्या फिजिक्सच्या जर्नलात माझ्या पाण्याचा पृष्ठताण ७२.८ डाइन प्रति सेंटिमीटर आहे. पृष्ठताण म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा स्वतःला आक्रसून घेतो ती ओढ; डाइन हे जोराचं छोटं एकक. खाली सरांची सही आणि लाल शाईत 'गुड'. त्या दिवशी मला मिळालं होतं ५७.१. मधले पंधरा-सोळा डाइन मी खोडरबराने भरून काढले.

प्रयोग वाचायला अगदी सोपा. केसासारखं बारीक छिद्र असलेली काचेची नळी, म्हणजे केशनलिका, पाण्यात उभी धरायची. पाणी तिच्यात आपोआप वर चढतं. नळी जितकी बारीक, तितकं पाणी जास्त वर. किती चढलं ते मोजायचं, छिद्राची त्रिज्या मोजायची, दोन्हींचा गुणाकार करायचा, त्याला पाण्याच्या घनतेने आणि ९८० ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या आकड्याने, गुणायचं, शेवटी दोनाने भागायचं. गाईडात अर्ध्या पानात बसतं.

करायला बसलं की मान मोडते. नळीला शेजारी एक वाकवलेली सुई रबरबँडने बांधलेली असते. तिचं टोक बीकरातल्या पाण्याला जेमतेम टेकलं पाहिजे. बुडलं तर चूक, अधांतरी राहिलं तर चूक. टेकलं की नाही हे कळायची खूण अशी, की सुईचं टोक आणि पाण्यात दिसणारं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना येऊन भेटतात. मग ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे मोजपट्टीवर सरकणारा सूक्ष्मदर्शक, नळीतल्या पाण्याच्या वरच्या कडेवर आणायचा. त्यातून सगळं उलटं दिसतं, त्यामुळे नळीतला पाण्याचा खळगा टेकडीसारखा दिसतो. क्रॉसवायरची आडवी रेघ त्या टेकडीच्या माथ्याला नुसती शिवायची. रीडिंग लिहायचं. मग कुणाचाही धक्का न लागू देता बीकर खालून काढून घ्यायचं आणि मायक्रोस्कोप खाली उतरवून सुईच्या टोकावर आणायचा. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी हसतो, टेबल हलतं आणि सगळं पहिल्यापासून.

त्रिज्या त्याहून वाईट. नळी आडवी धरून तिच्या तोंडात बघायचं. छिद्र गोल असेलच असा भरवसा नाही, म्हणून आडवा व्यास आणि उभा व्यास दोन्ही घ्यायचे. माझा सरासरी व्यास आला ०.०८६ सेंटिमीटर. मायक्रोस्कोपचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.००१. म्हणजे दोन रीडिंगच्या वजाबाकीत ०.००२ इकडेतिकडे झालं तरी शेवटच्या उत्तरात पावणेदोन डाइनची तफावत. हे त्या वयात मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

उंची आली २.७१ सेंटिमीटर. गणित केलं, ५७.१. शेजारच्या मुलीकडे पाहिलं, तिच्याकडे ७२.८. पुढच्या बाकावर ७२.८. मी उलटं गणित मांडलं: ७२.८ यायला उंची किती हवी? ३.४५५. पेन्सिलने लिहिलेली रीडिंगं पुसली, नवी भरली आणि वर शाई फिरवली. आमच्या बॅचमधल्या निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर दशांशापर्यंत सारखं होतं.

त्यातली खरी गंमत मला पाच वर्षांनी कळली. ७२.८ हा २० अंश सेल्सिअसचा आकडा. पाणी तापेल तसा पृष्ठताण उतरतो, अंशाला साधारण ०.१५ डाइन. ऑक्टोबरच्या दुपारी पत्र्याखालच्या त्या प्रयोगशाळेत ३१ अंश होतं. खरं उत्तर ७१ च्या आसपास यायला हवं होतं. कुणी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे नुसती नजर टाकली असती तरी ७२.८ वाले सगळे एका ओळीत पकडले गेले असते.

आणि माझे ५७.१? तेही उगाच आले नव्हते. आई डोक्याला खोबरेल चोपडून घट्ट वेणी घालून द्यायची आणि मला विचार करताना वेणीचा शेपटा बोटांत फिरवायची सवय होती. त्याच बोटांनी मी केशनलिका धरली, पाण्याची पातळी बघायला बोट बीकरात घातलं. तेलकट काचेला पाणी नीट चिकटत नाही, आणि पाण्यावर तेलाचा डोळ्याला न दिसणारा थर आला की पृष्ठताणही उतरतो. दोन्हींनी मिळून माझं पाणी पाऊण सेंटिमीटर खाली ठेवलं होतं. मापन चोख होतं. मी काय मोजतेय तेवढं मला माहीत नव्हतं.

बी.एस्सी.त येगरची पद्धत झाली. पाण्यात बुडवलेल्या नळीच्या टोकाशी हवेचे बुडबुडे सोडायचे आणि बुडबुडा सुटताना मॅनोमीटरमध्ये दाब किती चढतो ते पाहायचं. बुडबुडे मोजायला मजा येते एवढंच आता आठवतंय. तिथेही उत्तर ठरलेलं होतं.

पृष्ठताणाशी माझी खरी गाठ पडली ती एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला, २००९ च्या डिसेंबरात. फिजिकल केमिस्ट्री घेतलं होतं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "सरफॅक्टंटवर काम कर. पण बाटल्या मागवायला पैसे नाहीत हं." सरफॅक्टंट म्हणजे साबणासारखं, पृष्ठताण उतरवणारं द्रव्य. मला गावाकडच्या देवळामागचं रिठ्याचं झाड आठवलं. आजी पैठणी दुसऱ्या कशाने धुवायची नाही. सोनारही दागिना उजळायला रिठ्याचंच पाणी घेतो. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूची एक बाजू साखरेची, पाण्यात रमणारी. दुसरी बाजू तेलाच्या जातीची, पाण्याला टाळणारी. असा रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो, एक पाय आत आणि एक बाहेर. तिथे गर्दी झाली की पाण्याच्या रेणूंची आपसातली ओढ सैल पडते. पृष्ठताण उतरतो, फेस येतो, मळ सुटतो. पाण्यात किती रिठा घातला की पृष्ठताण किती उतरतो, हा माझा विषय. मॅडम म्हणाल्या, "चालेल. पहिले पंधरा दिवस फक्त साधं पाणी मोज."

मला अपमान वाटला. एम.एस्सी.ला येऊन पाणी?

उपकरण होतं स्टॅलॅग्मोमीटर. नाव भारदस्त, वस्तू साधी: मधे फुगा असलेली काचेची नळी, फुग्याच्या वर एक खूण, खाली एक खूण, आणि तळाला सपाट घासलेलं जाड टोक. द्रव वरच्या खुणेपर्यंत ओढून घ्यायचा, सोडायचा, आणि खालच्या खुणेपर्यंत येईतो किती थेंब पडले ते मोजायचे. ज्या द्रवाचा पृष्ठताण जास्त, त्याचा थेंब टोकाला जास्त वेळ लटकतो, जाडजूड होतो, मग पडतो. म्हणून थेंब कमी. पृष्ठताण उतरला की थेंब लहान आणि संख्या मोठी. पाण्याचे थेंब माहीत असले, आणि दोन्ही द्रवांची घनता माहीत असली, की त्रैराशिक. आमच्या लॅबचे मामा तिला 'फुगीर नळी' म्हणायचे आणि ती कुणाच्या हातात द्यायला फारसे राजी नसायचे.

पहिल्या दिवशी पाण्याचे थेंब आले ६३. दुसऱ्यांदा ६१. मग ६५. दुपारी ५९. मी नळी रोज भांड्यांच्या पावडरीने घासून, नळाखाली धुऊन, फडक्याने पुसून ठेवत होते. मामा दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी जवळ आले.

"ताई, एक ग्लास पाणी ओता बरं हिच्यावरनं."

ओतलं.

"काय दिसतंय?"

"पाणी."

"पाणी फाटतंय बघा."

खरंच फाटत होतं. काचेवर पाण्याचा सलग पडदा राहत नव्हता. जागोजागी तो मागे सरकत होता, मधे कोरडी बेटं उघडी पडत होती, उरलेल्या पाण्याचे मणी होत होते. मामा म्हणाले, "पाणी फाटलं नाही पाहिजे. फाटलं म्हणजे भांडं स्वच्छ नाही. किती बी चकाकू द्या." तीस वर्षं ते काचसामान धूत होते. पृष्ठताणाचं सूत्र त्यांना ठाऊक नव्हतं, पण पाणी फाटण्याची परीक्षा त्यांनी मला शिकवली आणि आजही मी कुठलंही भांडं हातात घेतलं की आधी तेच बघते. घरी स्टीलच्या ताटावरही.

मग क्रोमिक ॲसिड आलं. तीव्र सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम डायक्रोमेट, गडद तपकिरी-नारिंगी, दाट. त्याने काचेवरचं तेल, साबण, बोटांचे ठसे सगळं जळून जातं. ते हिरवं पडायला लागलं की त्याची ताकद संपली असं समजायचं. माझ्या ॲप्रनला त्याने तीन भोकं पाडली आणि एका ओढणीचा काठ खाल्ला. ते शरीरालाही घातक आहे, त्यामुळे मामा रबरी हातमोजे घालायला लावायचे आणि मी कंटाळा केला की ओरडायचे. नळी रात्रभर त्यात बुडवायची, सकाळी साध्या पाण्याने आठ-दहा वेळा, मग डिस्टिल्ड वॉटरने चार वेळा. आणि नंतर टोकाला हात लावायचा नाही. पुसायचं तर मुळीच नाही. वेणी मी ॲप्रनच्या आत टाकायला लागले.

पाण्याचे थेंब ५६ झाले. पुन्हा ५६. पुन्हा ५६. चौथ्यांदा ५७ आले, कारण वर वर्ग सुटला होता आणि जिन्यावरून शंभर पावलं धडधडत उतरली. थेंब टोकाला तयार होत असताना जराशा हादऱ्याने वेळेआधी पडतो. तेव्हापासून मी तासांचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. वर्ग सुटायच्या वेळी रीडिंग नाही. पंखाही बंद.

पंधरा दिवस पाणी का मोजायचं ते तोवर कळलं होतं. पाण्याइतका चुगलखोर द्रव दुसरा नाही. त्याचा पृष्ठताण साध्या द्रवांमध्ये फार जास्त, म्हणून कुठलीही घाण त्याला खालीच ओढते. वर कधी नेत नाही म्हटलं तरी चालेल, मिठासारखे क्षार सोडले तर. अल्कोहोल मोजताना बोटाचं जरासं तेल लागलं तरी आकडा फारसा हलत नाही, कारण तो मुळातच २२ च्या घरात असतो. पाणी मात्र लगेच बोलतं.

रिठ्याकडे वळले तेव्हा जानेवारी उजाडला होता. बिया काढून टरफलं वाळवली, मिक्सरमधून काढली. झाकण उघडल्याबरोबर जी शिंक आली ती थांबेना. रिठ्याची पूड नाकात गेली की काय होतं हे आजीला विचारलं असतं तर बरं झालं असतं. मोजून घेतलेली पूड कोमट पाण्यात रात्रभर ठेवायची, गाळायची. गाळणकागदातून ते इतकं हळू उतरतं की मधे चहा पिऊन यावं. तिसऱ्या दिवशी त्या पाण्याला आंबूस वास येतो आणि वर तवंग धरतो, तेव्हा रोज नवं. शिवाय मी जे टक्के लिहीत होते ते टरफलाच्या पुडीचे, शुद्ध सॅपोनिनचे नव्हेत. मॅडमनी हे प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर लिहायला लावलं.

द्रव वर ओढायला नळीच्या वरच्या टोकाला रबरी नळी लावलेली असते. रबरी फुगा फाटला होता, म्हणून मी एकदा तोंडाने ओढलं. करू नये हे पहिल्या वर्षापासून ऐकत आलेय. रिठ्याचा फेस जिभेवर आला. कडू म्हणजे किती कडू, दुपारचा डबा जाईना. मामांनी गूळ आणून दिला आणि संध्याकाळी नवा फुगाही.

फेसाने आणखी एक छळ केला. नळीत बुडबुडा अडकला की फुग्याच्या आतला द्रव तेवढा कमी आणि थेंबही कमी. त्यामुळे ओढताना अगदी सावकाश, टोक द्रवात खोल बुडवून. घनता मोजायच्या छोट्या बाटलीतही तेच; बाटली भरून अर्धा तास ठेवायची, फेस बसू द्यायचा, मग बूच. घनतेत फरक नगण्यच निघाला, पण मोजल्याशिवाय नगण्य म्हणता येत नाही असं मॅडमचं म्हणणं.

आणि मग आमचं भांडण झालं.

प्रोजेक्ट दोघींचं होतं. सकाळची रीडिंगं माझी, दुपारची जोडीदारणीची. एक टक्का रिठ्याच्या पाण्याला माझे थेंब आले ९८, तिचे ८४. माझ्या हिशेबाने पृष्ठताण ४०.९, तिच्या हिशेबाने ४७.७. मला बारावी आठवली आणि मी नको ते बोलून गेले: "तू नळी नीट धुतलीच नाहीस." ती म्हणाली, "अगं, घाण असती तर थेंब जास्त आले असते, कमी नाही." तिचं बरोबर होतं. मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

आम्ही एकाच बीकरातलं द्रावण घेतलं, तीच नळी, तेच टेबल. तिने मोजले, ८५. मी मोजले, ९७. दोघी एकमेकींच्या हाताकडे बघत होतो. तापमान तेच. मामा स्टुलावर बसून बघत होते आणि तेच शेवटी म्हणाले, "ह्यांचे थेंब पळत्यात, तुमचे चालत्यात."

तिला पाचची एसटी गाठायची असायची. रबरी नळीवरचा चिमटा ती जरा सैल ठेवायची आणि मिनिटाला वीस थेंब सोडायची. मी चार-पाच. म्हणजे तिचा एक थेंब टोकावर तीन सेकंद राहत होता, माझा बारा-तेरा सेकंद. साध्या पाण्याला एवढ्याने काही फरक पडत नाही. आम्ही लगेच करून पाहिलं, दोघींचे ५६. पण रिठ्याच्या थेंबाचा पृष्ठभाग दर वेळी नव्याने तयार होतो आणि सॅपोनिनच्या जाडजूड रेणूंना आतून वर येऊन तिथे बसायला वेळ लागतो. तीन सेकंदांत ते पुरते पोचतच नाहीत. थेंबाला वाटतं आपण अजून बरेचसे पाणीच आहोत, म्हणून तो मोठा होतो. तिचंही मापन खरं होतं आणि माझंही. तिने तीन सेकंद वयाच्या पृष्ठभागाचा ताण मोजला होता, मी तेरा सेकंद वयाच्या.

बारावीत असते तर आम्ही दोन्हींची सरासरी काढून मोकळ्या झालो असतो. मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्या. "हेच लिहा. थेंबांचा वेग बदलून बदलून मोजा." मग एकेका द्रावणाला तीन-तीन वेग. मिनिटाला चार-पाच थेंब म्हणजे ९८ थेंबांना वीस-बावीस मिनिटं, आणि त्या वेळात कुणाशी बोलायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो. मी वालाच्या बियांचा ढीग घेऊन बसायला लागले, दर थेंबाला एक बी इकडून तिकडे. शेवटचा थेंब अर्धवट राहतो, त्याच्यासाठी नळीवर फुग्याच्या वर-खाली बारीक रेघा असतात. एक थेंब म्हणजे किती रेघा ते आधी बघून ठेवायचं आणि अपुऱ्या थेंबाचा अपूर्णांक घ्यायचा. डोक्यात रात्रीही टप् टप् चालू असायचं.

फेब्रुवारीअखेर आलेख तयार झाला. रिठा ०.०१ टक्क्यापासून वाढवत नेला की पृष्ठताण भराभर उतरत जातो, आणि ०.१ च्या पुढे कुठेतरी उतार संपून रेघ जवळजवळ आडवी होते. पृष्ठभागावरच्या जागा भरल्या. आता वाढीव रेणू आतच आपापले गठ्ठे करून राहतात. धुण्याला जास्तीचा रिठा घातला तर फुकट जातो हे आजीला आलेखाशिवाय माहीत होतं. चार टरफलांच्या वर ती कधी घालू द्यायची नाही.

त्याच सुमारास लायब्ररीत ॲग्नेस पॉकल्सबद्दल वाचलं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची ही बाई, जन्म १८६२ चा. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता; भाऊ फिजिक्स शिकला, ही घरी आईवडिलांचं करत राहिली. खरकट्या भांड्यांच्या पाण्यावर साबण आणि तेल कसं पसरतं ते बघता बघता तिने पत्र्याचं एक लांबट पन्हाळं केलं, त्यावर सरकवता येईल अशी पत्र्याची पट्टी ठेवली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवलेली छोटी चकती तराजूने उचलून किती जोर लागतो ते मोजलं. पट्टी सरकवून पृष्ठभाग आक्रसला की ताण कसा बदलतो, हे तिने स्वयंपाकघरात शोधलं. १८९१ साली तिने लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्यांनी ते 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाकडे पाठवलं आणि त्याच वर्षी ते छापून आलं. मी ते मामांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "भांडी कशानं धूत व्हती?" याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पण ती पट्टी सरकवून पाण्याचा पृष्ठभागच पुसून काढायची, हे वाचून ते खूश झाले.

मार्चमध्ये मॅडमनी ओळखीने मुंबईतल्या एका संस्थेत दोन दिवस मिळवून दिले. तिथे रिंग टेन्सिओमीटर होता. प्लॅटिनम-इरिडियमच्या तारेचं कडं, परीघ सहा सेंटिमीटर, द्रवात बुडवून हळूहळू वर ओढायचं. कड्याबरोबर द्रवाचा पातळ पडदा वर येतो आणि तो तुटायच्या आधी जास्तीत जास्त जोर किती लागला ते तबकडीवर वाचायचं. द्यु नूय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये हे यंत्र मांडलं. त्याला रक्तद्रवाचा पृष्ठताण मोजायचा होता, आणि तो वेळेबरोबर उतरत जातो हे त्यालाही दिसलं होतं. हे कळल्यावर मी जोडीदारणीला एसटी स्टँडच्या बूथवरून फोन केला. "आपलं भांडण जुनं आहे," म्हटलं.

कडं वापरण्याआधी बर्नरच्या निळ्या ज्योतीत लाल होईतो तापवायचं. दोन सेकंदांत स्वच्छ. क्रोमिक ॲसिडात घालवलेल्या माझ्या रात्री आठवून मला हेवा वाटला. मात्र कडं पाण्याच्या पातळीला अगदी समांतर हवं आणि बोट लागून वाकलं तर गेलं. त्याची किंमत तिथल्या संशोधकाने आधीच सांगून ठेवली होती, त्यामुळे माझे हात थरथरत होते.

पाणी मोजलं. तबकडीवर ७६.५.

आयुष्यात पहिल्यांदा माझं पाणी ७२ च्या वर गेलं होतं. मी दोनदा कडं तापवलं, पाणी बदललं. ७६.५, ७६.४. घाण असती तर खाली आलं असतं, वर कसं? संशोधक हसला. कड्याबरोबर जो द्रव वर उचलला जातो त्याचंही वजन त्या जोरात धरलं जातं, पडद्याचा आकारही सरळ नसतो, म्हणून तबकडीच्या आकड्याला दुरुस्ती-गुणक लावावा लागतो. कड्याची त्रिज्या, तारेची जाडी, घनता घालून तो काढला, ०.९३७. गुणाकार: ७१.७. बीकरात थर्मामीटर होता, २७ अंश. पुस्तकातल्या तक्त्यात २७ अंशांना हाच आकडा.

थेंबांच्या पद्धतीलाही अशी दुरुस्ती असते. थेंब पडताना टोकाला लटकलेला सगळा द्रव पडत नाही, चांगला तिसरा हिस्सा वरच राहतो. हार्किन्स आणि ब्राउन या शास्त्रज्ञांनी त्याचे तक्ते १९१९ मध्येच दिले. आम्ही पाण्याशी तुलना करत होतो म्हणून बरीचशी चूक आपोआप कटत होती, सगळी नाही. एक टक्का रिठा कड्याने मोजला: पृष्ठभाग दहा मिनिटं शांत ठेवून, तबकडीवर ४२.०, दुरुस्तीनंतर ३७.८. माझ्या सावकाश थेंबांच्या ४०.९ पेक्षाही खाली. तेरा सेकंदही त्याला कमीच पडत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर कडक होते. त्यांनी आलेख ओलांडला, रिठा ओलांडला आणि पाण्याच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"पाणी ७१.७? ७२.८ का नाही?"

"सर, २७ अंशाला मोजलंय."

"तापमान कशावरून घेतलं? भिंतीवरच्या थर्मामीटरवरून?"

"नाही सर, बीकरातल्या."

"कच्ची वही दाखव."

कच्च्या वहीत त्या दिवसाचं पान होतं. ७६.५, ७६.४, शेजारी प्रश्नचिन्ह, त्याखाली माझ्या घाबऱ्या अक्षरात 'कडं पुन्हा तापवलं', पाणी सांडून शाई पसरलेली. त्यांनी पान जरा वेळ बघितलं, मग आणखी मागे गेले, ६३, ६१, ६५ पर्यंत, आणि विचारलं, "हे काय?"

"तेव्हा नळी भांड्यांच्या पावडरीने धूत होते, सर."

त्यांनी मान हलवली आणि जोडीदारणीकडे वळले. तिला त्यांनी थेंबांचा वेग विचारला आणि ती पंधरा मिनिटं बोलत होती. तिची पाचची एसटी चुकली.

दोन दिवसांनी सामान परत करायला गेले तर मामा बरणीत उरलेल्या रिठ्याच्या पुडीकडे बोट दाखवून म्हणाले, "टाकू नका. बायकोचे पैंजण काळे पडल्यात." मी बरणी दिली. शिंक येते, जपून उघडा, म्हणून सांगितलं. त्यांनी तिथेच उघडली.